फवारणी पथकाचा बिनतारी संच : बटणाइतकाच ऐकणाराही हवा

टोळधाडीशी सामना करणाऱ्या पथकाच्या हाती दिवसातले फार थोडे तास असतात. वाळवंटी टोळांचा थवा सूर्यास्ताच्या सुमारास झाडाझुडपांवर आणि पिकांवर उतरतो, रात्रभर तेथेच बसून राहतो आणि सकाळचे ऊन अंगावर आले की पुन्हा उडू लागतो. एकदा उडाला की वाऱ्याच्या साथीने तो दिवसभरात दीडशे किलोमीटरपर्यंत मजल मारू शकतो. त्यामुळे नियंत्रणाचे काम प्रामुख्याने थवा बसल्यापासून उडेपर्यंतच्या काळात उरकावे लागते. तेही बव्हंशी अंधारात, अनोळखी रानात आणि धड वाट नसलेल्या वाळूत.

अशा वेळी चार-पाच गाड्या एकाच थव्याच्या निरनिराळ्या कडांवर काम करीत असतात. थव्याचा मोठा भाग नाल्यापलीकडच्या खेजडीच्या झाडांवर बसला आहे, हे पहिल्या गाडीला दिसले; पण चौथ्या गाडीला कळले नाही, तर ती रिकाम्या झुडपांवर औषध उडवत राहते. वाऱ्याने दिशा बदलली आणि ते वेळेवर सांगितले गेले नाही, तर एका गाडीचे औषध दुसऱ्या गाडीतील माणसांच्या अंगावर येते. टोळांसाठी मॅलॅथिऑनची फवारणी अतिअल्प मात्रेत, म्हणजे हेक्टरी सुमारे एक लिटर, पाणी न मिसळता आणि अतिशय बारीक थेंबांत केली जाते. हे थेंब वाऱ्याबरोबर दूरवर जावेत, अशीच त्या यंत्राची रचना असते. म्हणूनच कोण कोठे उभा आहे आणि वारा कोणीकडे वाहतो आहे, हे सर्वांना एकाच क्षणी ठाऊक असणे हा या कामाचा पाया ठरतो.

या गरजेतून बिनतारी संच पीक संरक्षणाच्या कामात आला. आता त्याचे स्वरूप बदलले आहे. संच आकाराने लहान झाले, गट-चॅनेलची सोय आली आणि संकटकाळी दाबावयाचे वेगळे बटणही आले. शेतकरी उत्पादक कंपन्या, अवजार बँका आणि ड्रोनने फवारणी करणारे महिला बचत गट यांनाही असे संच घ्यावेत असे वाटू लागणे स्वाभाविक आहे. ती इच्छा योग्य आहे. मात्र संच खरेदी केले म्हणजे संपर्कव्यवस्था उभी राहिली, हा समज घातक ठरू शकतो. बोलण्याचे बटण प्रत्येक संचावर असते. ऐकण्याची जबाबदारी मात्र माणसाला नेमून द्यावी लागते. ही नेमणूक झाली नसेल, तर तातडीचे बटण फवारणी करणाऱ्याला खोटा भरवसा देते, आणि खोट्या भरवशावर माणूस जेथे एकट्याने जाऊ नये तेथे जातो.

इशाऱ्याची जुनी परंपरा

भारतात टोळांविषयीची केंद्रीय यंत्रणा १९३९ मध्ये उभी राहिली, आणि तिचे नावच 'टोळ इशारा संघटना' असे आहे. नावात नियंत्रणाऐवजी इशारा यावा, हे अर्थपूर्ण आहे. राजस्थान, गुजरात आणि हरियाणाचा काही भाग मिळून सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरच्या वाळवंटी पट्ट्यावर या संघटनेची देखरेख असते. बिकानेर, जैसलमेर, बाडमेर, फलोदी, जालोर, चुरू, नागौर, सुरतगड, पालनपूर आणि भूज येथे तिची मंडल कार्यालये आहेत. एवढ्या विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या प्रदेशात एका ठिकाणचे निरीक्षण दुसऱ्या ठिकाणी वेळेत पोहोचले नाही, तर निरीक्षणाचा उपयोग केवळ अहवालापुरता उरतो.

याच परंपरेतील एक गोष्ट विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. जून ते नोव्हेंबर या टोळांच्या हंगामात जोधपूर आणि कराची यांच्यामध्ये टोळांच्या स्थितीविषयी बिनतारी संपर्क ठेवण्याची पद्धत चालत आली आहे. मुनाबाव आणि खोखरापार या सीमेवरील ठिकाणी दोन्ही देशांच्या टोळ अधिकाऱ्यांच्या बैठकाही होत आल्या आहेत. ज्या दोन देशांमध्ये इतर अनेक बाबतींत संवाद तुटतो, त्यांच्यात कीटकाविषयीचा निरोप चालू ठेवण्याची सोय झाली, याचे कारण साधे आहे. हंगाम ठरलेला, दोन टोके ठरलेली आणि विषय ठरलेला. पलीकडे कोणी ऐकणारे आहे, याची खात्री दोघांनाही होती.

२०१९-२० च्या मोहिमेत या व्यवस्थेची मोठी कसोटी लागली. २१ मे २०१९ ते १७ फेब्रुवारी २०२० या काळात राजस्थान व गुजरातमध्ये ४ लाख ३ हजार ४८८ हेक्टर क्षेत्रावर नियंत्रण करण्यात आले. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच ११ एप्रिल २०२० पासून पुन्हा मोहीम सुरू करावी लागली. त्या वर्षी आलेले गुलाबी, अपरिपक्व टोळ अधिक चपळ होते. ते उंच उडत, लांब जात आणि एका जागी फार काळ टिकत नसत. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात थवे मध्य प्रदेशातून विदर्भात शिरले आणि अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांतील गावांनी टोळधाड डोळ्यांनी पाहिली. जो प्रदेश टोळांच्या नेहमीच्या पट्ट्यात नाही, तेथेही एका संध्याकाळी नियंत्रण पथक उभे करावे लागते, हा त्या उन्हाळ्याचा धडा होता. देशभरात अनेक ठिकाणी ट्रॅक्टरवरील फवारणी यंत्रे आणि अग्निशमन बंब मदतीला आले. माणसे जमली, यंत्रे जमली. परंतु ऐनवेळी एकत्र आलेल्या माणसांची संपर्काची भाषा एका रात्रीत तयार होत नाही. ती आधीच तयार असावी लागते.

मोबाईल असताना संच कशासाठी?

हा आक्षेप वाजवी आहे आणि त्याचे उत्तरही तेवढ्याच गांभीर्याने द्यावयास हवे. छायाचित्र पाठविणे, नकाशावरील ठिकाण कळविणे, आकडे नोंदवून ठेवणे ही कामे मोबाईलच अधिक चांगली करतो. टोळ सर्वेक्षणासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने विकसित केलेली ई-लोकस्ट ही प्रणाली क्षेत्रीय निरीक्षणे थेट पाठविते आणि तिचे महत्त्व वादातीत आहे. किडीच्या पूर्वसूचनेसाठी गावोगावचे मोबाईल गट उपयुक्त ठरले आहेत. प्रश्न फक्त त्या काही मिनिटांचा आहे, ज्यांत निरोप वाचला जाण्याची वाट पाहता येत नाही.

मोबाईलच्या गटात निरोप पडून राहतो. बिनतारी संचावर तो कानावर पडतो. मोबाईलवर एका वेळी एकाला बोलावून, तीच गोष्ट आठ जणांना आठ वेळा सांगावी लागते. संचावर एकदा बटण दाबले की त्या चॅनेलवर कान ठेवून असलेल्या सर्वांना ती एकाच क्षणी ऐकू येते. हातात रबरी हातमोजे, पाठीवर इंजिनचा फवारणी पंप आणि चेहऱ्यावर मास्क असताना मोबाईलचा पडदा चालविणे जवळपास अशक्य असते. उलट संचाचे बटण हातमोज्यांतूनही चाचपता येते. शिवाय मोबाईलचा मनोरा जेथे पोहोचत नाही, तेथे दोन संच एकमेकांशी थेट बोलू शकतात.

तरीही संचाच्या मर्यादा आधीच जाणून घ्याव्यात. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. छातीच्या उंचीवर धरलेल्या दोन हातसंचांमधील रेडिओ-क्षितिज सपाट मैदानातही सुमारे १० किलोमीटरच असते, आणि प्रत्यक्षात टेकाडे, झाडी व उभी पिके यांमुळे खात्रीचा पल्ला बहुधा त्याच्या निम्म्याहूनही कमी राहतो. ३० मीटर उंचीवर अँटेना लावली, तर हेच क्षितिज २५ किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणूनच महागडा संच घेण्याआधी गावातील पाण्याची टाकी किंवा टेकडी यांवर रिपीटर बसविता येईल का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे. डिजिटल संचांची आणखी एक सवय ठाऊक असावी. साध्या संचावर पल्ला संपत आला की खरखर वाढते आणि माणूस सावध होतो. डिजिटल संचावर मात्र आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम बंद होतो. फवारणीच्या आदल्या दिवशी शेताच्या चारही कोपऱ्यांतून बोलून पाहणे हाच त्यावरील उपाय.

तीन चॅनेल पुरेसे

संचावर १६ किंवा त्याहून अधिक चॅनेल असतात, म्हणून ते सर्व वापरलेच पाहिजेत असे नाही. फवारणी पथकाला तीन पुरतात. पहिला कामाचा : यावर एका पथकातील माणसे आपसांत बोलतात, औषध संपले, ओळ बदलली, वारा फिरला, एवढेच. दुसरा समन्वयाचा : यावर पथकप्रमुख आणि तळावरील माणूस बोलतात, कोणते क्षेत्र झाले, कोणती गाडी कोणीकडे निघाली, थवा कोठे सरकला. तिसरा तातडीचा : यावर एरवी कोणीही बोलत नाही.

तिसऱ्या चॅनेलची शांतता हीच त्याची ताकद होय. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांना ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. समुद्रावर १५६.८ मेगाहर्ट्झचा सोळा क्रमांकाचा चॅनेल जगभर संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी राखलेला आहे. तेथे हाक मारून बाकीचे बोलणे दुसऱ्या चॅनेलवर नेण्याचा शिरस्ता आहे. सर्व नौका त्यावर कान ठेवतात, म्हणून बुडणाऱ्याची हाक कोणाच्या ना कोणाच्या कानी पडण्याची आशा असते. शेतातील पथकाने हाच शिरस्ता उचलावा. तातडीच्या चॅनेलवर 'चहा आला का' ही विचारणा एकदा खपवून घेतली, की चार दिवसांत त्या चॅनेलचा आवाज लोक कमी करून ठेवतात.

गट-चॅनेलविषयी एक गैरसमज दूर व्हायला हवा. साध्या संचांत एकाच वारंवारितेवर वेगवेगळ्या सूक्ष्म सुरांनी गट वेगळे करता येतात. त्यामुळे दुसऱ्या गटाचे बोलणे ऐकू येत नाही आणि आपला चॅनेल खाजगी आहे असे वाटते. वस्तुतः हवेतील वाट एकच असते. दुसरा गट बोलत असताना बटण दाबले, तर दोघांचेही बोलणे बिघडते. म्हणून बटण दाबण्यापूर्वी संचावरील व्यस्ततेचा दिवा पाहावा, ही सवय प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी लावली पाहिजे. डिजिटल संचांत प्रत्येक गटाला आणि प्रत्येक संचाला स्वतंत्र क्रमांक असतो. कोण बोलत आहे हे पडद्यावर दिसते. हा लाभ मोठा आहे, मात्र कोणता क्रमांक कोणाकडे आहे याची यादी तळावर लावलेली असेल तरच.

बोलण्याची शिस्त

बिनतारी संचावर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, आणि हा गुण आहे, दोष नव्हे. मात्र त्यासाठी बोलणाऱ्याने स्वतःला आवर घालावा लागतो. बटण दाबल्यावर सुमारे एक सेकंद थांबून बोलणे सुरू करावे, नाहीतर पहिला शब्द तुटतो. 'फवारू नका' मधील 'नका' तुटला तर अनर्थ होईल. म्हणून अशा सूचना नकाराने देण्याऐवजी 'थांबा' या एकाच शब्दाने द्याव्यात आणि तो शब्द दोनदा उच्चारावा. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग स्वतःचे नाव, मग थांबून उत्तराची वाट, हा क्रम पाळावा. संच तोंडापासून चार-पाच बोटे दूर धरावा. ओरडल्याने आवाज मोठा न होता फाटतो.

आकड्यांची गोष्ट विशेष आहे. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची सुरुवात सारखीच. खरखरीत शेवट बुडाला की तिन्ही एकच. हिंदी बोलणाऱ्या पथकासोबत काम करताना 'उन्यासी' म्हणजे ७९ आणि 'नवासी' म्हणजे ८९, हा घोळ हमखास होतो. सीमेलगतच्या गावांत, निमाडात, आदिलाबादकडे किंवा गुजरातच्या हद्दीवर काम करणाऱ्या मराठी कार्यकर्त्यांना तो परिचयाचा असेल. उपाय सोपा आहे : प्रत्येक आकडा सुटा उच्चारावा. 'सात-नऊ', 'आठ-नऊ'. गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, औषधाची मात्रा आणि दूरध्वनी क्रमांक यांना हा नियम अपवादाविना लागू करावा. ऐकणाऱ्याने तोच आकडा परत म्हणून दाखवावा. परत म्हटले गेले नाही, तर निरोप पोहोचला नाही असेच समजावे.

आवाजाने आपोआप सुरू होणारी सोय अनेक संचांत असते. हात मोकळे राहतात म्हणून ती आकर्षक वाटते. फवारणीच्या कामात ती बंदच ठेवावी. इंजिनवर चालणाऱ्या पंपाचा आवाज तिला बोलण्यासारखाच वाटतो. संच सतत प्रक्षेपण करीत राहतो, बॅटरी संपते आणि अख्खा चॅनेल अडून बसतो. त्याऐवजी गळ्याशी अडकविता येणारा, तारेने जोडलेला ध्वनिग्राहक घ्यावा. संचाला औषधाचे हात लागतात आणि तोच संच पुढे तोंडाजवळ येतो, याचाही विचार व्हावा. प्लास्टिकचे पारदर्शक आवरण, काम संपताच साबणाच्या ओलसर फडक्याने पुसणे आणि संच जेवणाच्या डब्यासोबत न ठेवणे, या तीन गोष्टी कोणत्याही खर्चाविना होऊ शकतात.

तातडीचे बटण आणि यवतमाळची आठवण

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी अनेक ठिकाणी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. अशा पिकात फवारणारा माणूस बांधावरून दिसत नाही, आणि तो खाली बसला तर कोणाला कळतही नाही. बिनतारी संच असते तर हे मृत्यू टळले असते, असे म्हणणे मृतांवर अन्याय करणारे ठरेल. जहाल औषधांची उपलब्धता, त्यांची मनमानी मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, मजुरीची गरज आणि उपचाराला झालेला विलंब अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या होत्या. तरीही शेवटच्या कारणापुरता, म्हणजे विलंबापुरता, संपर्काचा विचार करणे हे पीक संरक्षणात काम करणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके शरीरात गेल्यावर घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंधुक दिसणे, मळमळ, स्नायूंची थरथर आणि श्वास लागणे अशी लक्षणे दिसतात. टोळांवर वापरले जाणारे मॅलॅथिऑन माणसाला त्या मानाने कमी विषारी असले, तरी त्याच गटातील आहे. अ‍ॅट्रोपीनसारखे उपचार रुग्णालयात उपलब्ध असतात, परंतु रुग्ण तेथपर्यंत वेळेत पोहोचला पाहिजे. नजर अंधुक झालेला, हात थरथरणारा माणूस मोबाईलवर क्रमांक शोधू शकत नाही. संचाच्या माथ्यावरील, बहुधा नारिंगी रंगाचे, बटण मात्र तो दाबू शकतो. काही संचांत माणूस आडवा झाला आणि ठराविक वेळ हालचाल झाली नाही, तर इशारा आपोआप जाण्याचीही सोय असते.

येथेच खरी अडचण सुरू होते. पहिली गोष्ट म्हणजे हे बटण दाबल्यावर इशारा कोणत्या चॅनेलवर जाईल, हे संच तयार करतानाच ठरवून भरावे लागते. ते भरलेले नसेल, तर बटण दाबूनही काहीच घडत नाही. संच ताब्यात घेताना विक्रेत्यासमोर प्रत्येक संचाचे बटण दाबून पाहिल्याशिवाय पावतीवर सही करू नये. दुसरी गोष्ट म्हणजे किती वेळ दाबायचे. चुकून दाबले जाऊ नये म्हणून अनेकदा एक-दोन सेकंदांची मर्यादा ठेवलेली असते. ती वापरणाऱ्याला माहीत हवी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पलीकडे कोण आहे?

फवारणी चालू असेपर्यंत तळावर एक माणूस असा असावा, ज्याला ऐकण्यावाचून दुसरे काम नाही. त्याने औषध मोजू नये, हजेरी लिहू नये, पाहुण्यांना चहा देऊ नये. इशारा येताच त्याने संचाचा क्रमांक पाहून त्या माणसाला नावाने दोनदा हाक मारावी. उत्तर आले नाही, तर 'सर्व थांबा' ही सूचना द्यावी आणि सर्वांत जवळच्या जोडीला त्या ठिकाणी पाठवावे. मदतीला जाणाऱ्यांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूने, हातमोजे घालूनच जावे. बाधित माणसाला औषधाच्या झोताबाहेर आणावे, भिजलेले कपडे काढावेत, साबण-पाण्याने अंग धुवावे आणि त्याला कुशीवर निजवावे. ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. दरम्यान तळावरील माणसाने १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला कळवावे आणि औषधाच्या वेष्टनावरील माहितीपत्रक रुग्णासोबत जाईल अशी व्यवस्था करावी. डॉक्टरांना पहिला प्रश्न 'कोणते औषध' हाच पडतो.

प्रत्येक इशारा, तो चुकून दाबला गेला असला तरी, याच पद्धतीने हाताळला जावा. चुकीच्या इशाऱ्याबद्दल मजुराला रागावणारा पथकप्रमुख पुढचा खरा इशारा स्वतःच्या हाताने बंद करीत असतो. बोंडअळी असो वा टोळ, किडीबाबत विस्तार कार्यकर्ते हे तत्त्व जाणतात : खोटी निघालेली एक सूचना परवडते, न दिलेली सूचना परवडत नाही. माणसांच्या बाबतीत ते विसरले जाऊ नये.

कायदा, खर्च आणि तारतम्य

बिनतारी संच बाजारात सहज दिसतो, म्हणून तो सहज वापरता येतो असे नाही. वारंवारितेचे वाटप आणि परवाना हा दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा विषय आहे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्प शक्तीच्या हातसंचांना २०१८ च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. मात्र त्या संचाला उपकरण-मान्यता असावी लागते. त्याहून अधिक शक्तीचे, इतर पट्ट्यांत चालणारे संच आणि रिपीटर यांना परवाना लागतो. ऑनलाईन बाजारात बेकायदा संचांची विक्री वाढल्यामुळे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे. बेकायदा संच पोलीस, अग्निशमन किंवा विमानसेवेच्या संपर्कात अडथळा आणू शकतो. सीमावर्ती जिल्ह्यांत तर अशा संचामुळे वापरणाराच संशयाच्या फेऱ्यात सापडेल. शेतकरी उत्पादक कंपनीने संच स्वस्तात मिळतो का, याआधी तो कायदेशीर आहे का, हे विचारावे.

खर्चाचाही प्रश्न रास्त आहे. दोन एकरांवर घरच्या पंपाने फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला संचाची गरज नाही. त्याला बांधावर एक जागता सोबती, गळ्यात एक शिट्टी आणि दर काही मिनिटांनी हाक देण्याची सवय पुरेशी आहे. संचाचा विचार तेथे व्हावा, जेथे अनेक माणसे एकमेकांच्या नजरेआड काम करतात : टोळ किंवा इतर स्थलांतरित किडींचे सामूहिक नियंत्रण, मोठ्या फळबागा, भाडेतत्त्वावर फवारणी करणारे गट, आणि ड्रोन उडविणारा चालक व शेताच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला त्याचा निरीक्षक. अशा ठिकाणी संच सामायिक मालकीचे असावेत, अवजार बँकेत त्यांची नोंद असावी, आणि चार्ज केलेली बॅटरी देण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी.

प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांत संचाची ओळख करून देताना त्याची गुणवैशिष्ट्ये वाचून दाखविण्यावर बराच वेळ जाण्याचा धोका असतो. त्याऐवजी एक साधा सराव हंगामापूर्वी घ्यावा. पथकातील कोणीही, न सांगता, शेताच्या दूरच्या कोपऱ्यात जाऊन तातडीचे बटण दाबावे आणि मदतीची जोडी त्याच्यापर्यंत पोहोचण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळावर मोजावे. पहिल्या वेळी बहुधा कोणाचा तरी आवाज बंद असेल, कोणाचा चॅनेल चुकलेला असेल, तळावरचा माणूस जागेवर नसेल. हे सगळे सरावात उघडकीस यावे, यासाठीच सराव असतो. तो वेळ समाधानकारक होईपर्यंत पथकाने फवारणीसाठी रानात उतरू नये, असा नियम कृषी विभागाने, विद्यापीठांनी आणि शेतकरी कंपन्यांनी स्वतःला घालून घ्यावा.

टोळ पुन्हा केव्हा येतील, याचा अंदाज वाळवंटातील पावसावरून आणि सर्वेक्षणावरून बांधता येतो. फवारणी करणारा माणूस केव्हा कोसळेल, याचा अंदाज बांधण्याची सोय कोणाकडेही नाही. त्यामुळे त्याच्या हाती संच देताना, पलीकडे कोण ऐकत बसणार आहे, त्या माणसाचे नाव त्याला आधी सांगितले जावे.